नाताळची पंगत

(नभोवाणीवरील भाषण)

मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली, गोदाकांठच्या पहाटा धुक्यानें पांढऱ्या होऊं लागल्या आणि निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यांतून द्राक्षांचे घड भरूं लागले, कीं नाशिकच्या ख्रिस्ती घरांतून भाजलेल्या रव्याचा आणि तळलेल्या करंज्यांचा वास येऊं लागतो. दिवाळी होऊन महिना लोटलेला असतो. म्हणून नवख्या माणसास नवल वाटतें, कीं हा दुसरा फराळ कशाचा? हा फराळ नाताळचा. त्या सणाच्या दिवशीं घरांत जें जेवण होतें तें कसें आंखावें, कसें रांधावें आणि मुख्य म्हणजे कसें वांटून खावें, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे. ज्यांच्या घरीं नाताळ होत नाहीं त्यांनींहि कान देण्यास हरकत नाहीं. कारण पंधरा माणसांची पंगत कोणत्याहि सणाची असली तरी यजमानीणबाईंच्या पुढचे प्रश्न तेच असतात.

प्रथम नांवाविषयीं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांच्या भाषेंतला. जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो निघाला. पाव, बटाटा, चावी, पगार या शब्दांच्या सोबतीनें तो कोंकणकिनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून देशावर आला. आज तो इतका आपला झाला आहे, कीं डिसेंबरांतील सुटीला सर्व जातिधर्मांचीं मुलें नाताळची सुटी म्हणूनच ओळखतात. शब्द परका राहिला नाहीं, तसा सणहि परका राहिलेला नाहीं. आणि तो आपला कसा झाला याची साक्ष जितकी स्वयंपाकघरांत मिळते तितकी पुस्तकांत मिळत नाहीं.

तरी नाशिकपुरता थोडा इतिहास सांगितला पाहिजे. इ. स. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं गांवाबाहेर ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसविली आणि तिला शरणपूर हें नांव दिलें. शरण आलेल्यांचें पूर, असा त्याचा सरळ अर्थ. हिंदी महासागरांत गुलामांची ने-आण करणाऱ्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलेंहि येथें आणलीं गेलीं. त्यांना लिहिणें-वाचणें आणि सुतारकाम-लोहारकामासारखे धंदे शिकविण्यांत आले. त्यांच्यापैकीं कांहीं तरुण पुढें डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेंत गेले. नाशिकांत शिकलेला जेकब वेनराइट हा तर १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत होता. आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत जो अंत्यविधि झाला त्या प्रसंगींहि तो हजर होता. १८७५ च्या सुमारास यांतले पुष्कळ जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाऊन या नव्या वसाहतींत गेले. आज शरणपूर रोडवर दुकानांची आणि कचेऱ्यांची दाटी आहे. परंतु त्या नांवांत ही सगळी हकीकत अजून जपलेली आहे.

जेवणाच्या भाषणांत ही कथा कशाला, असें कोणी विचारील. तिचा संबंध आहे. आपल्या समाजांत माणूस कोणाचा, हें तो कोणाच्या पंगतीस बसतो यावरून ठरत असे. ज्यानें धर्म सोडला त्याची पंगत सुटली. भावाच्या घरीं त्याच्यापुढें ताट मांडलें जाईना, आणि त्याच्या घरचें पाणी भावाला चालेना. निरनिराळ्या जातींतून आलेलीं कुटुंबें आणि समुद्रावरून आलेलीं पोरकीं मुलें अशा वसाहतींत एकत्र जमलीं, तेव्हां त्यांच्याजवळ सणाची कुळपरंपरा एक राहिलेली नव्हती. एकमेकांशेजारीं बसून जेवणें हीच त्यांना नव्यानें घालावी लागलेली परंपरा. म्हणून नाताळचें जेवण हें आमच्याकडे नुसतें गोडधोड खाण्याचें निमित्त नाहीं. मोडलेल्या पंगतीच्या जागीं मांडलेली ती नवी पंगत आहे.

हें मोडणें आणि मांडणें किती अवघड होतें, हें ज्यांना समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' वाचावीं. बाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळच्याच जलालपुरांत झाला. त्यांच्या वडिलांचें सोवळें विलक्षण कडक होतें. बाहेरच्या वस्तूचा आणि बाहेरच्या माणसाचा विटाळ हा त्या घराचा रोजचा धाक होता. अशा घरांत वाढलेल्या मुलीचे पति, कवि नारायण वामन टिळक, यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नवराबायकोची ताटातूट झाली; आणि येथें हा शब्द अक्षरशः खरा ठरला. कांहीं वर्षांनीं दोघें पुन्हां एकत्र आलीं, तरीहि बाईंचा स्वयंपाक कांहीं काळ निराळाच होत होता. पुढें १९०० सालीं त्यांनीं स्वतःहि बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या त्या पुस्तकांत ही सगळी हकीकत त्यांनीं इतक्या सरळपणें सांगितली आहे, कीं वाचकाला हंसूं आणि आंसूं एकाच पानावर यावें. त्यावरून मला एक गोष्ट उमगली ती अशी: मत एका दिवसांत बदलूं शकतें, पण हाताची आणि जिभेची संवय बदलावयास वर्षें लागतात. पंगत मांडणारानें दुसऱ्याच्या या संवयींचा मान राखला पाहिजे. पुढें जें सांगणार आहें त्याचें मूळ येथें आहे.

आतां पदार्थांकडे वळूं. नाताळ म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें विलायती चित्रांतील भाजलेला टर्की पक्षी आणि पेटलेलें पुडिंग उभें राहतें, आणि आमचे कांहीं तरुणहि 'खरा' नाताळ तोच असें समजतात. पण विलायतेंतील ताटाची तरी चौकशी करावी! टर्की हा मूळचा अमेरिकेतला पक्षी. तो सोळाव्या शतकांत युरोपांत आला. त्याआधीं आणि नंतरहि कित्येक घरांत हंस पक्ष्यावरच सण साजरा होत असे. पुडिंगांतले बेदाणे भूमध्य समुद्राच्या कांठचे, दालचिनी सिंहलद्वीपची, जायफळ आणि लवंग मोलुकांच्या बेटांतली. म्हणजे विलायती म्हणविणाऱ्या त्या ताटांत विलायतेंत पिकलेलें फार थोडें. प्रत्येक देशानें हा सण आपल्या कोठारांतून आणि आपल्या बंदरांतून भरला. मग आपण आपल्या कोठारांतून भरला तर तो कमी खरा कसा ठरेल?

आणि तो तसा भरला गेलाहि आहे. गोमंतकांत नाताळला जी नेवरी करतात ती आपल्या करंजीची सख्खी बहीण. तीच नेवरी तेथें गणेशचतुर्थीलाहि होते. नारळाचा रस, गूळ आणि तांदुळाचें पीठ घोटून केलेला दोदोल आणि थरावर थर भाजून उभारलेली बेबिंक, हे तिकडचे मान. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन घरांतून वर्षाचा बाटलीमसाला बाहेर निघतो आणि आंबवलेल्या पिठाचे फुगे तळले जातात. देशावर आमच्याकडे करंजी, शंकरपाळे, चकली, लाडू हा दिवाळीचाच परिवार, आणि त्यांत पाहुणा म्हणून आलेला व घरजांवई होऊन बसलेला केक. टिळकांनीं १९१७ सालीं 'देवाचा दरबार' काढला तो ख्रिस्ती भक्तीला देशी वळण असावें म्हणून. जें भजनांत शोभतें तें भोजनांतहि शोभतें, एवढेंच माझें म्हणणें आहे.

आतां आंखणी. नाताळपूर्वींचे जे चार रविवार, त्यांस आम्ही आगमनकाळ म्हणतों. त्यांतल्या पहिल्या रविवारीं दुपारीं घरांतल्या सर्वांनीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. सर्वांनीं असें मी मुद्दाम म्हणतें. कारण यादी एकटीनें केली कीं कामहि एकटीवर पडतें. कागदावर चार रकाने करावे: माणसें, पैसे, दिवस आणि हात.

माणसें पहिलीं. कोण येणार, त्यांत मुलें किती, म्हातारीं किती, मांसाहार न करणारे किती, कोणास मधुमेह आहे, कोणास तिखट सोसत नाहीं, हें पदार्थ ठरविण्यापूर्वींच लिहावें. आमच्या घरीं साधारण पंधरा पानें होतात, त्यांतलीं चार निरामिष. हा आंकडा धरूनच मी पुढील मापें सांगतें. हाडासह मटण माणशीं पाव किलोहून थोडें कमी धरलें तर अकरा जणांस अडीच किलो पुरतें. पुलावाचे तांदूळ माणशीं शंभर ग्रॅम, म्हणजे सर्वांस मिळून दीड किलो. पुलाव निरामिषच करावा, म्हणजे तो सर्वांस चालतो आणि दोन भातांचा व्याप वांचतो. नाशिकास त्या दिवसांत ओले वाटाणे आणि वांगीं उत्तम मिळतात. तेव्हां वाटाण्याची उसळ आणि भरलीं वांगीं हीं दोन पुरेत. वाटाणे घेतांना मात्र ध्यानांत ठेवावें, कीं शेंगांच्या वजनांत दाणे निम्मे, पुष्कळदां निम्म्याहूनहि कमी भरतात. कोशिंबीर, लोणचें, पाव आणि शेवटीं केक व फळें. याहून अधिक पदार्थ केले म्हणजे यजमानाची हौस फिटते, पण पाहुण्याचें पोट गोंधळतें.

दुसरा रकाना पैशांचा. ऋण काढून सण करूं नये, ही आपली जुनी शिकवण सर्व धर्मांना लागू आहे. जी रक्कम सणासाठीं ठरेल तिचा दहावा वांटा प्रथम बाजूस काढावा. तो कशासाठीं, हें पुढें सांगतें. उरलेल्या रकमेंत बसेल तेवढेंच ताट वाढावें. सुका मेवा, तूप आणि साखर सणाच्या तोंडावर महाग पडतात. तीं नोव्हेंबरअखेर घेऊन ठेवलीं तर खर्चाचा भार दोन महिन्यांत विभागला जातो.

तिसरा रकाना दिवसांचा. केकसाठीं बेदाणे, मनुका आणि पाकवलेली संत्र्याची साल भिजत घालावयाची. रममध्यें भिजवावयाचीं असतील तर महिनाभर आधीं घातलीं तरी चालतात. पण संत्र्याच्या रसांत भिजवावयाचीं असतील तर एक दिवस आधीं घालून फ्रीजमध्यें ठेवावीं, नाहीं तर रस आंबतो. साध्या केकचें माप ध्यानांत ठेवण्यास सोपें आहे: मैदा, लोणी, साखर आणि अंडीं हीं चारहि वजनानें सारखीं. अर्धा किलो मैदा घेतला तर बाकीचे जिन्नस अर्धा-अर्धा किलो, आणि अंडीं सुमारें दहा. घरीं भट्टी नसेल तर मिश्रण डब्यांत भरून, डब्यावर नांवाची चिठ्ठी लावून, ओळखीच्या बेकरींत भाजून आणावें. नानकटाई भाजून आणण्याची आपली जुनी रीत हीच. केक वीस तारखेच्या सुमारास व्हावा. चार दिवस मुरला म्हणजे तो सुबक कापला जातो. चकली आणि शंकरपाळे पंधरा तारखेनंतर, करंज्या मात्र बावीस-तेवीसला, कारण ओल्या नारळाचें सारण असेल तर त्या टिकत नाहींत. तेवीसला मसाला भाजून दळावा. चोविसाला वाटण करून मटणास लावावें व फ्रीजमध्यें ठेवावें, वाटाणे सोलावे, वांगीं मात्र चिरूं नयेत. त्या रात्रीं गाणीं गात मंडळी घरोघर फिरते, कोठें मध्यरात्रीची उपासना असते. अशा वेळीं चुलीपुढें कोणी अडकून पडूं नये. पंचविसाला सकाळीं देवळांतून आल्यावर दोन-अडीच तासांत सर्व जेवण मांडतां यावें, इतकें काम आधीं झालेलें असावें.

चौथा रकाना हातांचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. याविषयीं आमच्याच घरांत घडलेला एक प्रसंग सांगतें.

माझ्या सासूबाईंनीं तीसहून अधिक वर्षें या घरचा नाताळ रांधला. पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग पाहुण्या बायकांची. आणि सर्वांत शेवटीं, तळणीचा जाळ विझवून, दुपारीं साडेतीनला त्या जेवावयास बसत. मामंजींना वडे कढईंतून थेट पानांत पडलेले आवडत, तेव्हां त्या कढईपासून हलूंच शकत नसत. एका वर्षीं नाताळच्या आठ दिवस आधीं त्या अंगणांत पडल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्यें गेला. आम्ही दोघी सुनांनीं आणि दिरांनीं मिळून स्वयंपाक केला. त्या दिवशीं सासूबाई पहिल्यांदाच पहिल्या पंगतीला बसल्या. धाकट्या नातीनें त्यांना घांस भरविला. त्यांनीं तो सावकाश खाल्ला आणि कौतुकानें म्हणाल्या, "अग बाई, मटण गरम असतांना असें लागतें होय!"

त्यांच्या मनांत तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच नवल वाटलें होतें. पण खोलींत कोणीं घांस उचलीना. तीस वर्षें ज्या मटणाची आम्ही वाखाणणी करीत होतों, तें करणारीनें तें कधीं ऊन खाल्लें नव्हतें! मामंजी थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "पुढल्या वर्षापासून वडे नकोत." सासूबाई म्हणाल्या, "वडे हवेतच. सणाला वडे नाहींत म्हणजे काय? पण तळणाऱ्यानें शेवटीं बसायचें, आणि तळणारा दर वर्षीं निराळा." तेव्हांपासून आमच्या घरीं वड्यांची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. पुढल्या वर्षीं पहिली चिठ्ठी मामंजींच्याच नांवाची निघाली. वडे जरा करपले, पण तक्रार करण्याची कोणाची छाती झाली नाहीं!

श्रोतेहो, यांतून आम्हीं एक नियम केला आहे आणि तोच आज आपणांपुढें ठेवतें. प्रार्थना होऊन पहिला घांस उचलला जातो त्या क्षणीं स्वयंपाकघरांत कोणीहि असूं नये. हा नियम पाळावयाचा तर पदार्थच तसे निवडले पाहिजेत. पुऱ्या आयत्या वेळीं तळाव्या लागतात, म्हणून त्यांच्या जागीं पाव. रस्सा आणि उसळ आधीं करून ठेवतां येतात, इतकेंच नव्हे तर मुरल्यानें त्यांची चव वाढते. पुलाव झांकणावर ओलें फडकें घालून मंद आंचेवर ठेवला कीं अर्धा तास गरम राहतो. सर्व भांडीं मध्यभागीं मांडावीं आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्यास वाढावें; वाढपी म्हणून कोणी उभें राहूं नये. टेबल असो कीं पाट असोत, त्याला महत्त्व नाहीं. गुडघ्यांचें दुखणें असणाऱ्यांसाठीं खुर्च्या आणि बाकीच्यांसाठीं सतरंजी, अशी मिश्र पंगतहि छान दिसते. मात्र सर्वांचें जेवण एका वेळीं सुरू व्हावें.

आतां निरामिष पानांविषयीं. आमच्या घराण्याची एक शाखा निफाड तालुक्यांत आहे. आजेसासऱ्यांनीं धर्म बदलला, त्यांच्या धाकट्या भावानें बदलला नाहीं. तें घर पुढें वारकरी झालें. दिवाळीचा फराळ तिकडून इकडे येई आणि नाताळचा इकडून तिकडे जाई, पण एकमेकांच्या घरीं पंगतीस बसणें दोन पिढ्यांत घडलें नव्हतें. त्या घरच्या काकी, गळ्यांत तुळशीची माळ असलेल्या, एकदां नातवाच्या इलाजासाठीं नाशिकास येऊन राहिल्या होत्या, आणि नेमका नाताळ आला. त्यांना बोलवावें, पण कसें? सासूबाईंनीं मार्ग काढला. त्यांनीं नवीं भांडीं घेतलीं नाहींत कीं गाजावाजाहि केला नाहीं. आदल्या दिवशीं जाऊन त्यांनीं काकींनाच विचारलें: "काय चालतें आणि काय चालत नाहीं तें सांगा, लाजूं नका." काकींनीं सांगितलें: कांदा-लसूण चालतो, अंडें चालत नाहीं, आणि मटणाच्या भांड्यांतला डाव भाजींत पडतां कामा नये. झालें! मागल्या ओट्यावर दुसरी शेगडी मांडली, तेथला स्वयंपाक आधीं उरकला, त्याचे डाव लाल दोऱ्यानें बांधून निराळे केले, आणि काकींसाठीं अंड्यावांचून रव्याचा केक केला.

जेवतांना काकींनीं हळूच विचारलें, "पोरी, माझ्यापायीं दोन चुली मांडाव्या लागल्या. राग नाहीं ना आला?" सासूबाई म्हणाल्या, "राग कसला काकी? दोन चुली मांडल्या म्हणूनच एक पंगत झाली." मामंजींनीं जेवणानंतर पेटी काढली. आधीं 'उपासना संगीत' या पुस्तकांतलीं टिळकांचीं पदें झालीं, मग काकींनीं तुकोबांचे अभंग म्हटले. टिळकांनीं तुकोबांचें ऋण आयुष्यभर मानलें होतें. तेव्हां ती बैठक कोणास विजोड वाटली नाहीं. पुढल्या आषाढांत त्या घरचें बोलावणें आलें, आणि आम्ही सर्व जण जाऊन उपवासाच्या ताटावर जेवून आलों.

म्हणून मी म्हणतें, पाहुण्याच्या नियमाची चौकशी करावी, चिकित्सा करूं नये. त्याचा नियम आपणांस पटतो कीं नाहीं, हा त्या दिवसाचा प्रश्न नव्हे. 'आमच्याकडे सगळें चालतें' असें मोठेपणानें सांगून पाहुण्याला अवघडविणें हेंहि एक प्रकारचें सोवळेंच आहे.

पोलंड देशांत नाताळच्या आदल्या सायंकाळीं घरचीं माणसें जेवावयास बसतात, तेव्हां एक ताट रिकामें मांडून ठेवतात. अचानक दारीं आलेल्या वाटसरूसाठीं किंवा जो येऊं शकला नाहीं त्याच्या आठवणीसाठीं तें असतें. या चालीचे लोक आपल्या महाराष्ट्रांतहि राहून गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धांत देशोधडीला लागलेले सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, ज्यांत बायका-मुलेंच अधिक होतीं, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवड्यास छावणींत होते. ज्यांचीं घरेंच सुटलीं होतीं त्यांच्या त्या एका रिकाम्या ताटास किती अर्थ असेल, याची कल्पना आपणच करावी.

आमच्याकडे तें ताट रिकामें ठेवीत नाहींत, भरून पाठवितात. मघाशीं जो दहावा वांटा बाजूस काढण्यास सांगितलें तो याच्यासाठीं. जेवणास बसण्यापूर्वीं डबे भरावे: अंथरुणास खिळलेल्या शेजाऱ्याचा एक, सणाच्या दिवशींहि पहाऱ्यावर असलेल्या रखवालदाराचा एक, घरीं भांडीं घांसणाऱ्या बाईच्या घरचा एक. जेवणानंतर उरलेलें वांटणें आणि जेवणाआधीं वेगळें काढणें यांत फार अंतर आहे. पहिल्यांत आपली सोय असते. दुसऱ्यांत दुसऱ्याचा मान असतो. त्या बाईंना पंचविसाला सुटी द्यावी, हें तर सांगावयास नकोच. पंधरा ताटें घांसण्यास पंधरा जोड हात घरांत असतातच.

सायंकाळीं फराळाचीं ताटें शेजारीं जातात. मुलांना पाठवावें, आणि प्रत्येकाला घर नेमून द्यावें. पुष्कळ मुलांना शेजारच्या बिऱ्हाडांतील आजीचें नांवहि ठाऊक नसतें. तें या निमित्तानें कळतें. ताटावर विणलेला रुमाल घालून, 'आईनें फराळ दिला आहे' एवढें म्हणून तें मुलानें स्वतः हातीं द्यावें. आपल्याकडे शेजाऱ्याचें भांडें रिकामें परत करीत नाहींत. कांहींच नसलें तर चिमूटभर साखर तरी घालतात. पंचविसाला रात्रीं आमच्या ओट्यावर अशीं परत आलेलीं ताटें ओळीनें असतात: कोणांत साखर, कोणांत दोन पेरू, कोणांत संक्रांतीच्या तयारीचे तीळ. तीं पाहिलीं म्हणजे शरणपूर वसविणाऱ्यांच्या काळीं जी पंगत तुटली होती, ती निदान आपल्या गल्लीपुरती तरी सांधली गेल्याची खूण पटते.

आपणां सर्वांस नाताळच्या शुभेच्छा देऊन मी रजा घेतें. आगमनकाळाचा पहिला रविवार दूर नाहीं. कागद-पेन्सिल जवळ घ्या, आणि पहिला रकाना माणसांचा करा.